फडक्यात अडकलेली

काचेच्या भांड्यातल्या नदीच्या पाण्यात सोडलेल्या पाणपिसवा, ते टिंबाएवढे पाणजीव, दोन दिवसांनंतरही उड्या मारत होत्या. पाणी तपासणाऱ्या यामिनीला खरं वाटेना. कापडाला घामाचा वास धरू नये म्हणून नदीच्या वरच्या अंगाचा कापड कारखाना चांदीचे अतिसूक्ष्म कण वापरायचा. ते नदीत उतरायचे, आणि त्या पाण्यात सोडलेल्या पाणपिसवा गेली पाच वर्षं रात्रीतून मरायच्या. यंदाच कारखान्यानं सांडपाणी अडवलं होतं.

“गेनूमामा, मला बरं वाटावं म्हणून विहिरीचं पाणी नाही ना आणलंत?”

मासे धरण्यात हयात गेलेले मामा हसले. “परवाचंही नदीचंच, मॅडम, आणि आजचंही. नेहमीसारखं फडक्यातून गाळलं, तर ही अडकली.”

त्यांच्या तांब्यात मरळ माशाची नखाएवढी पिल्लं वळवळत होती. यामिनी तांब्या हातात घेऊन बघतच राहिली.

“बघून झालं असेल तर द्या,” मामा म्हणाले. “आई शोधत असेल त्यांची.”