कुलूप

सुगीच्या गवाई सणाची संध्याकाळ. सगळ्या घरांच्या एकाच लांबलचक ओसरीवरून दोघं जण सूप ओढत निघाले होते. लोभाचं भूत घालवायला प्रत्येक दारातून एकेक नकोशी वस्तू त्यात पडत होती. जिंगुतच्या शेजारच्या दारात त्याची बहीण उभी होती. तिचं पीक पुरात गेलं होतं, तरी काल ती भात मागायला आली तेव्हा त्याने तिला रिकाम्या टोपलीनिशी परत पाठवलं होतं.

जिंगुतने बायकोच्या हाती फुटकं मडकं दिलं. केलिनाने ते बाजूला ठेवलं आणि भाताच्या कोठीचं कुलूप सुपात टाकलं.

"अगं, नवंकोरं आहे ते!" तो उचलायला वाकला.

"घ्या की परत. भूतही मागोमाग आपल्याच घरी येईल."

सगळी ओसरी बघत होती. जिंगुतने कमरेची किल्ली सोडली, सुपात फेकली आणि मोठ्याने म्हणाला,

"नुसतं कुलूप काय टाकतेस? किल्ली कोण टाकणार?"