तीस पावलांवरून

दुपारच्या शांततेत काडतुसांच्या डब्याचं झाकण खटकन वाजलं. मी स्वयंपाकघरातून धावत बाहेर आले. सासूबाई पायरीवर बंदूक भरून उभ्या होत्या. कुंपण मोडून रानडुक्कर तीसेक पावलांवरच्या खळ्यात घुसलं होतं आणि त्याच्यापासून दोन हातांवर माझी पाच वर्षांची लेक.

"मारा आई, तिथूनच मारा," मी ओरडले.

त्यांनी बार काढला नाही. शेतीरक्षणाचा परवाना सासऱ्यांनंतर त्यांच्या नावावर आलाय. दरवर्षी पेरणीआधी त्या फणसाला जुनं कॅलेंडर ठोकून बंदूक पारखतात आणि छर्र्यांची भोकं मीच मोजते. दहा पावलांवर ती भाकरीएवढ्या जागेत मावतात, तीस पावलांवर सुपाएवढी पसरतात. त्या क्षणी मला यातलं काहीएक आठवलं नाही.

"हलू नको गो बाय," असं नातीला म्हणत त्या कडेकडेने चालू लागल्या, कोंबड्यांना दाणे टाकायला निघाल्यासारख्या. डुक्कर फुरफुरत त्यांच्याकडे वळलं. त्या आणखी दोन पावलं पुढे गेल्या, अंतर दहा पावलांवर आलं, मग बार काढला. ते जागीच कोसळलं. लेकीच्या अंगावर ओरखडाही नव्हता.

मी त्यांच्या पायाशी वाकले, तर म्हणाल्या, "ऊठ गो. थयसून, पायरीवरून बार काढलो असतो, तर सुपात दोघांय इली असती. पोरीक पाणी दी."

लेक माझ्या कुशीत शिरली. घोटभर पाणी प्यायली आणि विचारू लागली,

"आई, तू आजीला 'तिथूनच मारा' असं का सांगत होतीस?"