पक्क्या खुंट्या

"यावेळेस पक्कंच करून टाक," हिंमतराव म्हणाले. "दर खेपेले खुंट्या ढिल्ल्या कशा होतात बे? पाहुण्यायसमोर लाज जाते."

"लाकूड जुनं हाय, मालक. सरस सोडतो. मंग हलणार नाहीत."

गोऱ्या साहेबाच्या लिलावात घेतलेला पियानो गड्यांनी जमिनीवर उताणा निजवला. पियानो दुरुस्तीला आलेल्या मोतीरामने शेगडीवर सुतारकामाचा चिकट सरस पातळ केला आणि तारा ताणणाऱ्या एकेका खुंटीच्या बुडाशी थेंब थेंब सोडू लागला. घरभर वास सुटला.

हिंमतराव मळ्यात गेले, तशा त्यांच्या पत्नी पुष्पाबाई चहा घेऊन आल्या.

खुंट्या आपोआप ढिल्या होत नव्हत्या. पुष्पाबाईच त्या ढिल्या करत. खुंट्या पिळायची, मोतीरामनेच दिलेली जुनी चावी त्यांनी पिठाच्या डब्यात लपवली होती. शालू पियानो शिकवणाऱ्या मास्तरासोबत पळून गेली, तेव्हा हिंमतरावांनी लेक मेली म्हणून आंघोळ केली होती. घरात तिचं नाव काढायची सोय नव्हती. ती खामगावात आहे आणि तिला मुलगी झाली, एवढंच बाईंच्या कानावर आलं होतं. मोतीरामही खामगावचा. त्याच्याशिवाय त्या माउलीला दुसरं होतं तरी कोण?

"कशी हाय माही नात?"

"धावते आता. हासली का गालाले खळी पडते."

"मागचा झबला होते का तिले?"

"काखेत काचते, बाईसाहेब."

बाईंना रडू आवरेना. नवा, मोठा शिवलेला फ्रॉक आणि लाडू त्यांनी त्याच्या पिशवीत घातले.

"आता तुमचं येणं बंद होईन, मोतीरामभाऊ. शालूले सांगा, बाजाराच्या दिवशी अमडापूरले ये म्हना, पोरीले घेऊन. मी कासारापाशी उभी राहीन. एक डाव डोळे भरून पाहू दे, मंग काही मांगत नाही."

"सांगतो ना. येईनच ते."

शेवटच्या खुंटीला सरस सोडून त्याने यष्टी गाठली.

खामगावात दारातच त्याची नात धावत आली. मोतीरामने तिला फ्रॉक चढवला. अगदी मापाचा बसला. पोरगी हसली, गालाला खळी पडली.

"यावेळेस मोठा शिवला बाईनं," त्याची बायको मनकर्णा लाडू फोडत म्हणाली. "अन् त्या शालूचं घर सापडलं का नाही अजून?"

"शोधलं कोनं?" मोतीराम म्हणाला.