खालचा सरस

मंजूरनं खुर्चीच्या निखळलेल्या पायावरचा गोंदाचा पांढरा थर नखानं उचलला. तो सालीसारखा सोलून निघाला. खाली मधाच्या रंगाचा, कातडं शिजवून केलेला सरस होता.

त्यानं बोट ओलं करून चोळलं. बोट चिकट झालं, कातड्याचा तोच वास आला. हा सरस त्यानंच लावला होता, बारा वर्षांपूर्वी, उस्ताद समद जूंच्या कारखान्यात. "सरसच लाव. वाफ दिली की जोड उघडतो. पुढच्याला दुरुस्त करता आलं पाहिजे," असं उस्ताद शिकवायचे.

खुर्ची गिऱ्हाइकाच्या, हकीमसाहेबांच्या घरी गेली आणि आठवड्यात पाय निखळला. म्हातारे हकीमसाहेब पडले, खुबा मोडला. उस्तादांनी भर गल्लीत मंजूरचे वाभाडे काढले. "सरस शिजवायचा कंटाळा! बाजारातलं पांढरं फासलंस ना, हरामखोरा?" त्यानंतर श्रीनगरात त्याच्या हाती कुणी अक्रोडाची फळी देईना. बायकोसुद्धा एकदा म्हणाली, "घाईत लावलं असेल हो तुम्ही." पुढेपुढे त्यालाही तसंच वाटायला लागलं. तो लोकांची दारं-खिडक्या ठोकत राहिला.

आज हकीमसाहेबांच्या नातीनं माळ्यावर पडलेली ती खुर्ची त्याच्याकडे आणून टाकली, आणि आत्ता उलगडा झाला. त्याचा जोड कुणीतरी नंतर उघडला होता आणि सरस न खरवडताच वर पांढरं फासलं होतं. जुन्यावर नवं धरत नाही, हे कुठल्याही सुताराला ठाऊक. कारखान्याची किल्ली तेव्हा उस्तादांच्या मुलाकडे, शब्बीरकडे असायची. बिचारे उस्ताद! पोटच्या पोरानं त्यांनाही फसवलं.

तेवढ्यात दारात काठी वाजली. समद जू स्वतः आले होते, बारा वर्षांत पहिल्यांदा. मंजूरनं झटकन पायावर फडकं टाकलं. अंगातल्या घोळदार फेरनमधली निखाऱ्यांची ऊबदार कांगडी काढून त्यांच्यापुढे ठेवली, खारट नून चहा ओतला. म्हाताऱ्याला धक्का बसेल, हळूहळू सांगू, असं त्यानं ठरवलं.

उस्तादांनी चहाला हात लावला नाही.

"खुर्ची आलीय म्हणे तुझ्याकडे. ऐक मंजूरा. वरचं पांढरं आणि खालचा सरस, दोन्ही खरवडून टाक. मग इपॉक्सी लाव. तो जोड आता पुन्हा कुणी उघडायला नको."

मंजूर फडक्याकडे बघत राहिला. खाली सरस आहे, हे त्यानं अजून कुणालाच सांगितलं नव्हतं. बारा वर्षं त्यानं स्वतःच्या हातांवर शंका घेतली होती, उस्तादांवर एकदाही नाही.