चिराच परवडतो

माडांमागच्या मोकळ्या जागेत बाबल गवंड्याने काटकीने वाळूतच हिशोब मांडला. जांभ्या दगडाच्या एका चिऱ्याच्या जागेला आठ विटा लागतात, वर गिलाव्याचा खर्च वेगळा. म्हणजे वीट दिसायला स्वस्त, पण शेवटी चिराच परवडतो.

"चिरोच घे, भिकाजी," तो म्हणाला. "शंभर वर्सां भिंतीक हात लावूक नको."

भिकाजीला बरं वाटलं. त्याच्या बापाचं घरही चिऱ्याचंच होतं. चार वर्षांपूर्वीच्या उधाणात ते समुद्राने नेलं. मोठ्या ओहोटीला त्याचं जोतं अजून उघडं पडतं, तेव्हा भिकाजी तिकडे पाठ करून जाळं विणत बसतो. आता या तीन गुंठ्यांशिवाय त्याच्या नावावर दुसरी जमीन नव्हती.

"तुझा काय म्हणणा?" त्याने बायकोला विचारलं.

रुक्मिणीने समुद्राकडे पाहिलं. नारळी पुनवेला ती याच जागेतून समुद्राला नारळ द्यायला जायची आणि जाताना पावलं मोजायची. तिचे ओठ हलताना भिकाजीला दिसायचे. मागून चालताना तोही मोजायचा. उधाणाच्या वर्षी एकशे दहा भरली होती, यंदा बासष्ट. घरी आल्यावर दोघंही तो विषय काढत नसत.

"बाबलदादा," ती शेवटी म्हणाली, "मोडून दुसरीकडे नेवक दोघांतला काय सोपा?"

बाबलने पायाने वाळूतले आकडे पुसले. दुसरीकडे म्हणजे कुठे, हे कुणीच विचारलं नाही.