आईने गुंडाळलेली दोरी

“ती दोरी सुटल्याशिवाय मी वाजवणार नाही,” असं म्हणून एझ्राने सॅक्सोफोन पुन्हा पेटीत ठेवला.

सभागृहाच्या मधोमध दोरी बांधलेली होती. पुढे गोऱ्यांच्या खुर्च्या, मागे काळ्यांची बाकं. अमेरिकेच्या दक्षिणेत तेव्हा हीच रीत होती.

“मग या गावात पुन्हा कुठेच वाजवणार नाहीस,” सभागृहाचा मॅनेजर म्हणाला.

एझ्राला त्याची भीती नव्हती. पण मागच्या बाकावर त्याची आई बसली होती. जॅझला सैतानाचं संगीत म्हणणारी आई आज पहिल्यांदाच त्याला ऐकायला आली होती, चर्चला जाताना घालायची टोपी घालून.

आई उठली. निघाली वाटतं, एझ्राच्या मनात आलं. पण ती दोरीपाशी आली आणि प्रार्थनागीत म्हणू लागली. बाकांवरची माणसं उभी राहिली. ते गीत गोऱ्यांच्या चर्चमध्येही म्हणत, त्यामुळे खुर्च्यांवरचे लोकही उठले. प्रार्थनेत मध्ये कोण बोलणार? मॅनेजरनेही हॅट काढून हातात घेतली.

आई लोकांचे कपडे धुऊन द्यायची. गाता गाता तिने गाठ सोडली आणि रोज संध्याकाळी वाळवणाची दोरी गुंडाळावी तशी ती कोपरावर गुंडाळली. “आमेन” म्हणून ती समोरच्या रिकाम्या खुर्चीत बसली. मॅनेजरने सगळीकडे पाहिलं आणि हॅट पुन्हा डोक्यावर घालून तो बाजूला झाला.

“वाजव आता, बाळा,” आई म्हणाली. “पण सैतानाचं जरा कमी वाजव.”

एझ्रा मोठ्याने हसला आणि त्याने पेटी उघडली. इतका वेळ कोंडलेला श्वास त्याने सॅक्सोफोनमध्ये सोडला.