उजव्या टाकीतले ठोके

सकाळी मेकॅनिकने बोटीच्या उजव्या टाकीत उतरून सगळा गाळ पुसून काढला. मग बोटीचे मालक, म्हणजे त्याचे दाजी, यांनी झाकणाचे अठरा बोल्ट आवळले.

दुपारी डाव्या टाकीतलं डिझेल फिल्टरमधून उजवीकडे सोडायला घेतलं. पंपाच्या घरघरीत हाक ऐकू येत नाही, म्हणून दोघांची जुनी खूण होती: पत्र्यावर एक ठोका म्हणजे चालू, दोन म्हणजे बंद.

फिल्टरच्या काचेत डिझेल चमकू लागलं आणि दोन ठोके ऐकू आले.

"दाजी, ठोकलंत?"

"मी तर तुझ्या शेजारी उभा आहे. उंदीर असेल."

"डिझेल पिणारा?"

पुन्हा दोन. उजव्या टाकीतून, अगदी तळातून. डिझेल चढत गेलं तसे ठोकेही वर सरकत गेले आणि शेवटी झाकणाला आतून धडधडा बसू लागले.

 मेकॅनिकने झेप घेऊन पंप बंद केला.

"दाजी, झाकण काढा!" टाकीतून कुणीतरी धापा टाकत म्हणालं. "मी अजून आतच आहे!"

आवाज मेकॅनिकचाच होता. दाजींनी हातातला पाना घट्ट धरला आणि मेकॅनिककडे बघत ते एकेक पाऊल मागे सरकू लागले.